मेलेल्यांच्या नावावरचं दुकान

“अगं, तुम्ही आहात ना, मग आम्ही कशाला?”

हे वाक्य ग्लेंडा हावरिलुकने त्या गुरुवारी सकाळपासून अकराव्यांदा ऐकलं. बोलणारी माणसं वेगळी होती, कारणं वेगळी होती, शेवट मात्र एकच. कुणाच्या गोठ्यात गाई व्यायला आल्या होत्या, कुणाची रविवारी बर्फावरच्या कर्लिंग खेळाची मॅच होती, कुणाच्या गुडघ्याने मार्चच्या थंडीत संप पुकारला होता. वार्षिक सभेला यायची इच्छा सगळ्यांनाच होती, पण जमणार कुणालाच नव्हतं. आणि फोन ठेवता ठेवता प्रत्येक जण अगदी प्रेमाने म्हणत होता, “तुम्ही मंडळी छान चालवताय, चालवा.”

ग्लेंडाने अकराव्या नावापुढे फुली मारली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, केळ्यांच्या खोक्यांना पाठ टेकून डोळे मिटले. ‘तुम्ही’ या एका शब्दाचा तिला आता वीट आला होता. दुकान तिचं नव्हतं. झोरिया गावातल्या साऱ्यांचं होतं. दाराबाहेरच्या पाटीवर इंग्रजीत आणि युक्रेनियनमध्ये ‘मालक: आपण सगळे’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं. पण पाटी रोज दिसते, म्हणून ती कुणी वाचत नाही.

या दुकानाची गोष्ट साधी आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या या गव्हाच्या मुलखात पूर्वी एकच खाजगी व्यापारी होता आणि तो म्हणेल ती किंमत होती. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या तीस कुटुंबांनी वैतागून एकत्र येऊन आपलं दुकान काढलं. प्रत्येकाने एकेक हिस्सा घेतला. दोन हजार एकरवाल्यालाही एकच मत आणि एका गाईवाल्यालाही एकच. वर्षाअखेरीला जे उरेल ते ज्याने जितकी खरेदी केली त्या मानाने त्याच्याकडे परत. संचालक गावातलेच, सभेत निवडून दिलेले, बिनपगारी. इतकं सरळ काम. ते बिघडायलासुद्धा कष्ट पडावेत असं. पण आपल्या माणसांना कष्टाचं कधी काही वाटलंय का?

तुम्ही हसू नका. तुमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेला किती डोकी होती, तेवढं जरा आठवून पाहा.

ग्लेंडा अध्यक्ष झाली तीसुद्धा गंमतच होती. जो सभेला येत नाही तो निवडून येतो, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. सतरा वर्षांपूर्वी सभेच्या दिवशी ती दात काढून घ्यायला शहरात गेली होती. सुजलेला गाल घेऊन परत आली तर ती संचालक झालेली. पुढच्या वर्षी अध्यक्ष. तेव्हा तिला हसू आलं होतं. आता ती एकसष्ट वर्षांची होती आणि त्या गोष्टीवर तिला हसू येत नव्हतं.

कारण अध्यक्ष म्हणजे नुसती सभेची खुर्ची नव्हे. ऐन नाताळात फ्रीझर बंद पडला, ग्लेंडाला फोन. माल घेऊन येणारा ट्रक बर्फात अडकला, ग्लेंडाला फोन. गल्ल्यावरच्या बाईचं मूल तापलं, ग्लेंडा गल्ल्यावर. रोज पहाटे पाच वाजता उणे पंचवीसमध्ये जाऊन दुकान उघडायचं आणि ते गरम ठेवणारी भट्टी पेटली की नाही ते बघायचं, हेही तिच्याच गळ्यात पडलेलं. संचालक पाच असायला हवेत. एक वारला, एक मुलाकडे राहायला गेला, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. उरले ती धरून तीन. त्यातले म्हातारे कोझाक कानाने अधू, आणि तिसरा हिवाळाभर ॲरिझोनात उन्हं खात पडून फोनवरून प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणणारा.

“तू माझ्याशी कशाला लग्न केलंस?” तिचा नवरा रॉन अधूनमधून म्हणायचा. “त्या दुकानाच्या भट्टीशीच करायचं होतंस.”

सॅस्काटूनला तिच्या लेकीला मुलगी झाली होती. आठ महिन्यांची झाली, आणि ग्लेंडाने तिला दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा फोन आला म्हणून जेवण अर्धं टाकून परत निघावं लागलं होतं.

म्हणून तिने ठराव लिहून काढला होता. नवे संचालक मिळाले नाहीत तर दुकान बंद करण्यात यावं. खरं सांगायचं तर तो मंजूर व्हावा असंच तिला वाटत होतं. एकदाचं संपावं. कुणीतरी म्हणावं, बाई, जा आता घरी.

*

शुक्रवारी दुपारी आल्विन टोर्गरसन दुकानात आले. वय शहाऐंशी. दुकान उभं राहिलं तेव्हाच्या पहिल्या सभासदांपैकी जिवंत असलेले एकटेच. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. गेल्या पानगळीत त्यांनी गाडी चर्चच्या कुंपणात घातली आणि त्यांचं लायसन गेलं. तेव्हापासून ते पोरांची बर्फावरची घसरगाडी दोरीने ओढत दुकानात यायचे आणि सामान तिच्यावर लादून घरी जायचे. त्या दिवशी वारा फार होता, म्हणून ग्लेंडाने त्यांना घसरगाडीसकट आपल्या ट्रकमध्ये घेतलं.

“आल्विन, मी राजीनामा देतेय,” ट्रक सुरू करत ती म्हणाली. “मी गेले की दोनच संचालक उरतात. कायद्याला निदान तीन लागतात. कुणी उभं राहिलं नाही तर दुकान बंद करायचा ठराव मांडणार आहे.”

“हं.”

“हं काय? बोला ना काहीतरी. शिव्या तरी द्या.”

“कशाला देऊ? दमलीस तू. आंधळ्यालाही दिसेल.” म्हाताऱ्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. “दुकान बंद झालं तर मी दूध-पाव कुठून आणायचा, ते मी बघेन. ते काही तुझ्या डोक्याला नको.”

शहर नव्वद किलोमीटरवर. शहाऐंशी वर्षांचा माणूस, गाडी नाही, मूलबाळ नाही. कुठून आणणार होता तो दूध-पाव? दुकान बंद झालं की दोन-तीन महिन्यांत कुणीतरी त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर ग्लेंडाला बरं वाटलं असतं.

घरासमोर उतरताना ते थांबले. “एक कर. मत घेण्याआधी सभासदांची यादी वाच. सगळी, पहिल्या नावापासून, मोठ्याने. पूर्वी आम्ही वाचायचो.”

“दोनशेच्या वर नावं आहेत, आल्विन. लोक झोपतील.”

“सभेत काहीही ठरवायला तीस सभासद हजर लागतात. सभासद, ग्लेंडा. नुसती डोकी नव्हेत.”

म्हाताऱ्याने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं, आणि ती जागा ठाऊक असलेली गावात ती एकटीच आहे असं ती इतकी वर्षं समजत होती.

आमच्याकडे गल्ल्यावर माल ठेवला की बाई विचारते, “नंबर?” आणि गिऱ्हाईक आपला सभासद क्रमांक सांगतं. निदान तसं वाटतं. खरं म्हणजे प्रत्येक जण आपल्या गीदोचा, म्हणजे आजोबांचा नंबर सांगत असतो. चार वर्षांचं पोर चॉकलेट घ्यायला आलं तरी घडाघडा गीदोचा नंबर म्हणून दाखवतं. लोकांना त्याचा अभिमान आहे. गीदो जाऊन वीस वर्षं झाली असतील, पण नंबर चालू आहे. नियमाप्रमाणे माणूस गेला की त्याचा हिस्सा वारसांना परत द्यायचा आणि ज्याला सभासद राहायचंय त्याने आपल्या नावाने फॉर्म भरायचा. पण कोण भरतंय? आणि कोण भरायला लावतंय? दर मयताला ग्लेंडा घरचा केक घेऊन जायची, डोळे पुसायची, आणि कुणी फॉर्मचं विचारलंच तर म्हणायची, “राहू दे गं, आता कुठे ते! चालतोय ना नंबर? मी बघते.”

सतरा वर्षं ती बघत होती.

*

रविवारी दुपारी दोन वाजता गावच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती! दुकान बंद होणार ही कुणकुण लागली होती. फोनवर ज्यांना जमत नव्हतं ते सगळे आले होते. कर्लिंगवाले आले, गुडघेवाले आले. गाई बहुधा आपापल्या व्यायल्या असाव्यात. शर्ली पावलुकने सकाळपासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. बटाटा भरलेल्या, उकडलेल्या करंज्यांसारख्या पेरोगी, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, हॅम, आंबट साय, चार तऱ्हेचे केक. आमच्याकडे सभेआधी जेवण असतं. एरवी जेवण झालं की निम्मा हॉल हळूच कोट चढवून पसार होतो. त्या दिवशी कुणी हललं नाही.

ग्लेंडाने ठराव वाचला. मान वर न करता भराभर वाचला. संपला तसा मागून डॅरन ह्रिन्चुक ताडकन उठला. चव्वेचाळीस वर्षांचा, तीन हजार एकरांचा धनी, रुंद छातीचा आणि त्याहून रुंद आवाजाचा.

“बंद करणारे तुम्ही कोण? दुकान आमचं आहे! माझ्या गीदोने स्वतःच्या हातांनी पाया खणलाय त्याचा!”

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टीही मारली.

“मग संचालक म्हणून उभा राहा की, डॅरन,” शर्ली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“मला वेळ कुठाय? तीन हजार एकर आहेत!”

“आणि गेल्या महिन्यात शहरातल्या मोठ्या मॉलमधून ट्रक भरून सामान आणलंस, ते बरं वेळेत बसलं!”

हशा झाला. डॅरनचे कान लाल झाले. पण हसणाऱ्यांपैकी बहुतेकांचे ट्रक त्याच मॉलमध्ये उभे असत, त्यामुळे हसणं फार टिकलं नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आल्विन काठीवर जोर देत उठले. “अध्यक्षबाई, यादी वाचा.”

“आल्विन, आता हे—”

“नियमात आहे. कुणा सभासदाने मागितली तर वाचावी लागते. मी मागतोय.”

ग्लेंडाने वही उघडली. “सभासदांनी आपलं नाव आलं की ‘हजर’ म्हणावं.” ती वाचू लागली. “क्रमांक एक. मिखाइलो बोयचुक.”

कुणी बोललं नाही. मागे कुणीतरी खुसखुसलं.

“क्रमांक दोन. हान्ना बोयचुक. क्रमांक तीन. आल्विन टोर्गरसन.”

“हजर!”

“क्रमांक चार. वासिल कोझाक.” संचालक कोझाकांनी वडिलांच्या नावाला मान लववली. “पाच. निकोला पावलुक. सहा. ओलाफ नेस. सात. मेट्रो ह्रिन्चुक.”

“अरे, हा आमचा गीदो!” डॅरन हसत म्हणाला. “बोला, गीदो, हजर आहात का?”

लोक हसले. ग्लेंडा वाचत राहिली. आठ, नऊ, दहा. चौदाव्या नावाला हसणं ओसरलं. विसाव्याला थांबलं. प्रत्येक नावाला हॉलमध्ये कुणीतरी एक मान खाली घालत होतं, कारण ते नाव त्याच्या बापाचं होतं, किंवा आईचं, किंवा आजीचं. शर्लीच्या आईचं नाव आलं तेव्हा तिने ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. सत्तेचाळिसाव्या नावानंतर ग्लेंडाला पुढे वाचवेना.

“पुरे,” आल्विन म्हणाले. “आता ज्याचं स्वतःचं नाव या वहीत आहे त्याने हात वर करा. आजोबांचं नव्हे. स्वतःचं.”

हॉलमध्ये त्रेसष्ट माणसं होती. सतरा हात वर झाले. बहुतेक सुरकुतलेले.

“तीस लागतात,” म्हातारा म्हणाला. “तेव्हा आज दुकान बंद करता येत नाही, आणि नवा संचालकही निवडता येत नाही. काहीच करता येत नाही. या दुकानाच्या बहुसंख्य मालकांना सभेला आणायचं असेल, तर चर्चमागच्या दफनभूमीतून आणावं लागेल.”

“काहीतरीच काय!” डॅरन ओरडला. “वीस वर्षं मी दुकानाच्या पंपावर डिझेल भरतोय!”

“कागदावर तुझ्या गीदोने भरलंय. चोवीस वर्षं झाली त्याला जाऊन. मेलेल्या माणसाच्या मानाने फारच हिंडतो बाबा तो!”

या वेळी कुणी हसलं नाही. डॅरन उभाच होता, आणि इतक्या मोठ्या माणसाने हातांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं. “म्हणजे मी... मी मालक नाहीच?”

“नाहीस. गिऱ्हाईक आहेस. चांगलं गिऱ्हाईक आहेस. पण गिऱ्हाइकाला ‘आमचं दुकान’ म्हणता येत नाही रे. आमचं म्हणायला आपलं नाव घालावं लागतं, आपलं मत द्यावं लागतं, आणि पाळी आली की खांदाही द्यावा लागतो. तुम्ही सगळ्यांनी वारसा म्हणून काय घेतलंत? नंबर! आणि त्या नंबरमागची जबाबदारी गीदोबरोबर पुरून आलात!”

ग्लेंडाला मनातून बरं वाटत होतं. सतरा वर्षांत कुणीतरी तिच्या बाजूने बोलत होतं. पण आल्विन आता तिच्याकडे वळले.

“आणि यात सगळ्यात मोठी चूक ग्लेंडाची आहे.”

“माझी?”

“तुझी. या लोकांना फॉर्म भरायला कुणी लावलं नाही? तू. फ्रीझर बिघडला तर डॅरनला फोन का नाही केलास? त्याच्या शेडमध्ये विमान दुरुस्त होईल इतकी हत्यारं आहेत. पहाटे पाचला शर्ली का नाही उघडू शकत दुकान? ती चारलाच उठते. कुणी मदतीला आलं की तू काय म्हणतेस? ‘राहू दे, मी बघते!’ हे शब्द ऐकून ऐकून गाव लुळं पडलं, पोरी. तू या सगळ्यांचं दुकान काढून घेतलंस आणि एकटीच्या डोक्यावर घेऊन फिरलीस. वर म्हणतेस, ओझं झालं!”

“मी काढून घेतलं?” ग्लेंडाने वही टेबलावर आपटली. “नातीचा पहिला दात मी पाहिला नाही! रॉनच्या ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यातून अंड्यांची ऑर्डर देत होते! सतरा वर्षं! आणि एकाने, तुमच्यातल्या एकाने तरी विचारलं का, ग्लेंडा, जेवलीस का? मी दमलेय! ऐकताय का? मी दमलेय हो!”

इतकी वर्षं फोनवर हसून बोलणारी ही बाई खुर्चीत बसली आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडू लागली.

शर्ली येऊन तिच्याशेजारी बसली. “तू कधी बोलली नाहीस गं.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

“नाही विचारलं,” शर्ली म्हणाली. “विचारलं असतं तर करावं लागलं असतं ना.”

अशी कबुली द्यायला धैर्य लागतं. शर्लीने ती दिली, आणि खोलीतल्या बऱ्याच जणांना ती आपलीच वाटली.

सभा आठ दिवसांनी पुन्हा भरवायची ठरली. कोरे फॉर्म दुकानाच्या गल्ल्यावर राहतील. ज्याला हवं त्याने स्वतः येऊन भरावा, संचालक लगोलग मंजूर करतील. तीस सभासद जमले तर ठीक, नाहीतर काही न ठरवताच दुकानाला कुलूप लागेल. निघताना आल्विन ग्लेंडाच्या कानाशी वाकले. “एकालाही फोन करायचा नाही. तुझं काम तेवढंच.”

“तेच सगळ्यात अवघड आहे,” ग्लेंडा म्हणाली.

*

आणि ते खरंच अवघड होतं. सोमवारी सहा फॉर्म आले. मंगळवारी एकही नाही. मंगळवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी ग्लेंडाने फोन उचलला, बोयचुकांच्या घरचा अर्धा नंबर फिरवला आणि रॉनकडे पाहिलं. तो बटाटे खात होता.

“कर की,” तो शांतपणे म्हणाला. “आणखी सतरा वर्षं कर.”

तिने फोन ठेवला. बुधवारी हिमवादळ आलं, रस्ते बंद झाले. तिला वाटलं, झालं, संपलं. आश्चर्य म्हणजे या वेळी ते वाटणं सुखाचं नव्हतं. खिडकीतून पांढऱ्या धुरळ्यापलीकडे काही दिसत नव्हतं, आणि तिच्या डोळ्यांपुढे सारखे आल्विन येत होते: एक पेटी, एक खुर्ची, आणि अनोळखी वृद्धाश्रमाची खोली. हाच ठराव आपण स्वतःच्या हाताने लिहिला होता, याची तिला लाज वाटली.

गुरुवारी रस्ता साफ होताच डॅरन दुकानात आला. गल्ल्यापाशी उभा राहून त्याने फॉर्म भरला. मोठ्या बोटांत पेन मावत नव्हतं. नाव लिहून झाल्यावर तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

“किती झाले?” त्याने विचारलं.

“मी मोजले नाहीत,” ग्लेंडा म्हणाली.

“मोजले नाहीत? मग कोण मोजणार?”

ग्लेंडाच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं. तिने ते गिळलं आणि फॉर्मचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. डॅरनने मोजले. सात.

“सात आणि सतरा, चोवीस. सहा कमी! अगं, मग फोन कर ना लोकांना!”

“मी नाही करणार.”

“तू नाही करणार? मग काय मी करू?”

डॅरनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसला. काचेतून तिला दिसत होतं, तो फोनवर बोलत होता, हातवारे करत होता, कुणावर तरी डाफरत होता. अर्ध्या तासाने इंजिन सुरू न करताच परत आत आला.

“काय माणसं आहेत!” तो घाम पुसत म्हणाला. “बोयचुक म्हणतो, तू आहेस ना, मग मी कशाला!”

ग्लेंडा हसली. कित्येक महिन्यांत प्रथमच पोटातून हसली, इतकी की तिला गल्ल्याचा आधार घ्यावा लागला. डॅरन आधी चिडला, मग त्यालाही हसू फुटलं.

“दर वर्षी हेच ऐकतेस तू?”

“दर वर्षी.”

त्याने मान हलवली आणि आणखी दहा कोरे फॉर्म काखेत मारून बोयचुकांच्या घराकडे निघून गेला.

*

दुसऱ्या सभेला जेवण नव्हतं, नुसती कॉफी होती, आणि तीही पातळ. त्रेसष्ट माणसं काही आली नाहीत. पण जी आली त्यांनी आत शिरताना आपापल्या नावासमोर सही केली. चौतीस सह्या झाल्या! म्हाताऱ्या कोझाकांनी मोठ्याने ठराव वाचला. दुकान बंद करावं, या बाजूने हात किती? चार. विरुद्ध? तीस. त्या तिसांत ठराव लिहिणाऱ्या बाईचाही एक हात होता.

नवे संचालक मिळायला वेळ लागला. लोकांनी खूप वेळ बुटांकडे पाहिलं. शेवटी शर्ली उठली, “एक वर्षच हं,” म्हणाली. मग डॅरन. मग शाळेतली एक बाई, शेजारणीने कोपराने ढोसल्यावर. ग्लेंडाचा राजीनामा मंजूर झाला. आभाराचं भाषण कुणालाच नीट जमलं नाही, अर्ध्या मिनिटात उरकलं. तिला थोडं लागलं. लागायचंच.

नव्या संचालकांनी लगेच डॅरनला अध्यक्ष केलं, आणि त्याने खुर्चीत बसताच पहिला प्रश्न काढला. सोमवारी दुकान बंद ठेवायचं का? विक्री कमी असते, आणि उघडायला माणूस मिळत नाही. ग्लेंडा उठली. सोमवारी दुकान बंद ठेवणं चूक आहे, कारण त्या दिवशी ताजं दूध येतं, असं तिने सांगितलं. आठवड्यापूर्वी तिचं वाक्य हाच निर्णय असता. आज शर्लीने तिला खोडून काढलं: दूध मंगळवारी मागवता येईल. वाद झाला. आल्विनसुद्धा शर्लीच्या बाजूने बोलले.

“हात वर करा,” डॅरन म्हणाला.

ग्लेंडाने आपला हात वर केला. तेवीस विरुद्ध अकरा. ती हरली.

ती खाली बसली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटत नाहीये. दुकानाबद्दल काहीतरी ठरलं होतं, तिच्या मनाविरुद्ध ठरलं होतं, आणि ते पार पाडायला चौतीस माणसं बांधलेली होती. तिचा हात आता इतरांच्या हातांइतकाच होता. सतरा वर्षांत तो इतका हलका कधी झाला नव्हता. सोमवारी ती सॅस्काटूनला गेली, नातीला मांडीवर घेतलं, आणि जेवण पूर्ण करून उठली.

वाचकहो, सभासदांच्या मालकीची संस्था कुणी शत्रूने बुडवावी लागत नाही. ‘तुम्ही आहात ना’ म्हणणारे तिला बुडवतात, आणि ‘राहू दे, मी बघते’ म्हणणारेही बुडवतात. पहिल्यांवर आपण बोट ठेवतो. दुसऱ्यांना हार घालतो. पण दोघांच्या हातून एकच गोष्ट निसटते: ही आपली वस्तू आहे हे भान. ते आजोबांकडून आपोआप मिळत नाही. प्रत्येक पिढीला आपल्या नावाने, आपल्या हाताने, सही करून घ्यावं लागतं. तेव्हा पुढच्या सभेला जा. कारण सांगू नका. आणि तिथे कुणी एकटाच सगळं ओढत असलेला दिसला, तर त्याचे आभार मानत बसू नका. त्याच्या हातातलं निम्मं काम काढून घ्या.